कराड १९५७, नाशिक १९६३ : समितीला दिलेला विश्वास गेला कुठे?

आजचा धागा दोन निवडणुकांपासून सुरू करतो. उमेदवार दोन्हीकडे एकच आहे.

पहिली निवडणूक १९५७ सालची, कराडची. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतःच्या घरच्या मतदारसंघात उभे आहेत. समोर शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव पवार. मोजणी संपली तेव्हा मुख्यमंत्री जेमतेम दीड-दोन हजार मतांनी तरले होते. त्यांच्या भोवतालच्या पश्चिम महाराष्ट्रात त्यांचा पक्ष अक्षरशः धुऊन निघाला होता. सभांतून, वृत्तपत्रांतून, शाहिरांच्या फडांतून त्यांना ‘सूर्याजी पिसाळ’ म्हटले जात होते. रायगडाशी फितुरी केल्याचा ठपका ज्या नावावर कायमचा बसला आहे, ते नाव मराठी मुलखात ज्याला चिकटवले जाते त्याला त्याहून मोठी शिवी देण्याची गरज उरत नाही.

दुसरी निवडणूक १९६३ सालची, नाशिकची. लोकसभेची पोटनिवडणूक. तेच यशवंतराव, आता देशाचे संरक्षणमंत्री. त्यांच्याविरुद्ध कोणी उभेच राहिले नाही. ते बिनविरोध निवडून आले. आणि हे नाशिक कोणते? १९५७ मध्ये काँग्रेसला नाकारून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या दादासाहेब गायकवाडांना ज्याने लोकसभेत पाठवले, तेच.

मधली वर्षे अवघी सहा. एवढ्या अवधीत लोकांनी क्षमा केली, की ते विसरले, की मुळात आपण समजतो तसा हा रागलोभाचा व्यवहारच नव्हता? संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास आपण बहुधा हुतात्म्यांपाशी सुरू करतो आणि १ मे १९६० पाशी संपवतो. आज मला त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची पक्षांची हकिकत सांगायची आहे. ती फारशी सांगितली जात नाही, कारण तिच्यात कोणीच पुरता नायक नाही.

आधी रागाचे मूळ थोडक्यात. बेळगावच्या साहित्य संमेलनात १९४६ मध्ये मराठी भाषकांच्या एका राज्याची मागणी झाली आणि त्याच वर्षी शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. हे सारे बहुतांशी काँग्रेसच्याच छत्राखाली चालले होते. मराठी माणसाचा काँग्रेसवर विश्वास होता. भाषावार प्रांतरचना हे तर पक्षाचे स्वातंत्र्यापूर्वीपासूनचे वचन होते. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने तेलुगू, कन्नड, मल्याळी भाषकांच्या राज्यांना मान्यता दिली, मात्र मराठी आणि गुजराती भाषकांना एका द्विभाषिकात बसवले आणि विदर्भ वेगळा काढला. काँग्रेसश्रेष्ठींनी मग तोडगा सुचवला तो तीन राज्यांचा : महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई.

२० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीच्या सभेत स. का. पाटील यांनी आकाशात चंद्रसूर्य असेतोवर मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशा आशयाचे उद्गार काढले. सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला. पंधरा माणसे मेली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी नभोवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहणार असल्याचे जाहीर केले आणि शहर पुन्हा पेटले. पुन्हा गोळ्या, पुन्हा प्रेते. १०५ हुतात्मे ही संख्या मराठी स्मृतीत कोरली गेली ती या काळातली; पुढे यादीत आणखी भर पडली.

या धामधुमीत दोन मराठी मंत्र्यांनी दोन वाटा धरल्या. यशवंतरावांनी १९५५ च्या अखेरीस फलटणला आपला कौल सांगून टाकला : संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ च्या जुलैमध्ये राजीनामा दिला आणि लोकसभेत उभे राहून सांगितले की मुंबईबाबतचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होताच जाहीर झाला, आणि गोळीबाराच्या चौकशीची मागणीही मानली गेली नाही. देशमुख मूळचे सनदी अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर; राजकारणी म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हते. त्यामुळे त्यांच्या राजीनाम्याने महाराष्ट्राचा ऊर भरून आला. पक्षात वाढलेल्यांनी खुर्ची धरून ठेवली आणि पक्षाबाहेरून आलेल्याने ती सोडली, हे लोकांनी पाहिले.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिची जुळवाजुळव पाहिली की आजही नवल वाटते. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, जनसंघ आणि कितीतरी अपक्ष एका मांडवाखाली आले. अध्यक्ष कॉम्रेड डांगे, सरचिटणीस एस. एम. जोशी. बेचाळीसच्या लढ्यात कम्युनिस्टांनी केलेला विरोध समाजवादी विसरलेले नव्हते. जनसंघ आणि कम्युनिस्ट एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नसत. शिवाय आचार्य अत्रे! त्यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ पासून निघू लागला आणि विरोधकांइतकेच कधीकधी समितीतल्या सोबत्यांनाही घाम फोडू लागला.

या समितीचा एक तपशील माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. तिला स्वतःचे निवडणूकचिन्ह नव्हते. प्रजासमाजवादी उमेदवार झोपडीवर उभा, कम्युनिस्ट कणीस-विळ्यावर, फेडरेशनचा हत्तीवर, जनसंघाचा पणतीवर. अत्र्यांसारखे अपक्ष आणखी वेगळ्या चिन्हांवर. मतदार बहुसंख्येने निरक्षर. शेजारच्या दोन तालुक्यांत दोन वेगळ्या चित्रांवर शिक्का मारायचा आणि तरी तो एकाच मागणीवर पडला पाहिजे, असा हा मामला होता. तो साधला. पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबई मिळून समितीने शंभराहून अधिक जागा जिंकल्या. लोकसभेवर मुंबईतून डांगे, पुण्यातून ना. ग. गोरे, राजापुरातून नाथ पै, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील निवडून गेले.

आपल्या काळात धनुष्यबाण गोठवला गेला, मग एका गटाला मिळाला. घड्याळही एका गटाला मिळाले. आणि महिनोन् महिने महाराष्ट्र चिन्ह कोणाचे यावर वाद घालत बसला. त्या पार्श्वभूमीवर १९५७ च्या त्या चिन्हहीन विजयाकडे एकदा निवांतपणे पाहावे असे मला वाटते.

तरी सरकार काँग्रेसचेच आले. ३९६ पैकी २३४ जागा तिला मिळाल्या, कारण विदर्भ आणि मराठवाड्याने बव्हंशी तिला साथ दिली आणि गुजरातेत इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात जनता परिषदेने जोर लावूनही काँग्रेस टिकली. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आलेले द्विभाषिक राज्य आता एका विलक्षण अवस्थेत होते : मुख्यमंत्री पश्चिम महाराष्ट्राचा, आणि पश्चिम महाराष्ट्रानेच त्याचा पक्ष नाकारलेला.

३० नोव्हेंबर १९५७. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते व्हायचे होते. समितीने काळ्या निशाणांचा मोर्चा जाहीर केला. घाटरस्त्यांवर हजारो माणसे उभी राहिली. गेल्या दोन वर्षांत या चळवळीने गोळ्या खाल्लेल्या, दगडही मारलेले. पंतप्रधानांच्या मोटारींचा ताफा त्या गर्दीतून जाणार. एक माथेफिरू पुरला असता. काही घडले नाही. निशाणे उंचावली गेली, घोषणा झाल्या, ताफा निघून गेला. एस. एम. जोशींसारख्यांनी लावलेली ती शिस्त होती. माझ्या मते समितीचा खरा कळस निवडणुकीत नसून त्या घाटात होता. द्विभाषिक मराठी माणसाने स्वीकारलेले नाही, हे दिल्लीला त्या दिवशी कोणत्याही अहवालाची मध्यस्थी न होता दिसले.

यशवंतरावांनाही ते दिसले. किंबहुना त्यांना ते कराडच्या मोजणीतच कळून चुकले असावे. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी आरडाओरडा न करता, राज्य नीट चालवत, श्रेष्ठींच्या गळी उतरवले की हे द्विभाषिक टिकणार नाही. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांचाही कल विभाजनाकडे वळला. डिसेंबर १९५९ मध्ये कार्यकारिणीने तसा निर्णय घेतला. इथे एक गोष्ट तरुण वाचकांनी निसटू देऊ नये. मुंबईसह महाराष्ट्र समितीच्या दडपणामुळे मिळाला. परंतु तो देण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता त्या पक्षाच्या मुख्यमंत्र्याने तो मंगल कलशासारखा वाजतगाजत आणला. ज्यांनी मागितले त्यांचे हात त्या समारंभात रिकामे होते.

आणि मग समितीचे काय झाले?

खरे तर तडे आधीच गेले होते. केरळात १९५९ मध्ये नंबुद्रिपाद यांच्या कम्युनिस्ट सरकारविरुद्धच्या आंदोलनात प्रजासमाजवादी उतरले. महाराष्ट्रात मात्र तेच दोन पक्ष एका व्यासपीठावर बसत होते. त्याच वर्षी चीनच्या सीमेवर लोंगजू आणि कोंगका येथे चकमकी झाल्या, भारतीय जवान मारले गेले आणि कम्युनिस्टांच्या भूमिकेवरून समाजवाद्यांचा संयम सुटला. मुंबईच्या प्रश्नाने ज्यांना एकत्र बांधले होते त्यांना आता मॉस्को, पेकिंग आणि त्रिवेंद्रम एकमेकांपासून ओढून नेत होते. राज्यस्थापनेच्या सुमारास प्रजासमाजवादी पक्ष समितीतून बाहेर पडला. बेळगाव-कारवारचा प्रश्न शिल्लक आहे म्हणून समिती राहिलीच पाहिजे, असे म्हणणारे राहिले. पण पुणे-मुंबईच्या मतदाराला त्या प्रश्नाची धग तितकी जाणवत नव्हती. कटू असले तरी हे खरे आहे.

आता यशवंतरावांच्या प्रसिद्ध ‘बेरजेच्या राजकारणा’कडे येऊ. शब्द साधा, सोज्वळ आहे. कालपर्यंत विरोधात असलेल्या, समाजात वजन असलेल्या माणसांना काँग्रेसचे दार उघडे ठेवायचे आणि आलेल्यास मान द्यायचा. ग. त्र्यं. माडखोलकरांनी हे राज्य मराठी की मराठा, असा खडा सवाल केला तेव्हा ते मराठी राज्य राहील असे जाहीर आश्वासन त्यांनी दिले. त्यामुळे बेरजेत केवळ सत्तेची भूक होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र बेरजेला आकडे लागतात आणि ते समोरच्या वहीतूनच उचलावे लागतात. त्यांतले सर्वाधिक आकडे शेतकरी कामगार पक्षाच्या वहीत होते.

कराडच्या शेजारीच पाहा. कराड दक्षिणचे यशवंतराव मोहिते १९५७ मध्ये शेकापतर्फे आमदार होते. राज्यस्थापनेच्या सुमारास ते काँग्रेसमध्ये आले आणि १९६२ मध्ये त्याच मतदारसंघातून काँग्रेसतर्फे निवडून गेले. शेकापच्या संस्थापकांपैकी एक असलेले शंकरराव मोरे १९६२ मध्ये पुण्यातून लोकसभेवर गेले तेही काँग्रेसचे उमेदवार म्हणून. पक्षांतरबंदीचा कायदा यायला अजून पाव शतक होते. तो आला १९८५ मध्ये. तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हतीच. लाजेची तरी असायला हवी होती ना? तीही फारशी दिसत नाही. राज्य मिळाले होते. आता बाहेर बसून काय करायचे, हा प्रश्न प्रामाणिकपणेही विचारता येत होता आणि सोयीसाठीही. दोन्ही प्रकारचे लोक एकाच दारातून आत गेले आणि आत गेल्यावर त्यांना वेगळे ओळखण्याचा काही उपाय उरला नाही.

शिवाय आत जाण्यासारखे तिथे बरेच काही होते. १९६१ मध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून त्या संस्था उभ्या राहू लागल्या. रस्ते, शाळा, पाझर तलाव, शिक्षकांच्या बदल्या असे बरेच काही आता जिल्ह्यातच ठरणार होते. सहकारी साखर कारखान्यांची रांग लागत होती. कारखान्याला शासनाचे भांडवल लागे, परवाना लागे, कर्जाला हमी लागे. ज्या तालुक्याचा पुढारी विरोधी बाकावर, त्या तालुक्याच्या उसाला गाळपासाठी शेजारच्या दारात उभे राहावे लागण्याची भीती. मग गावकरीच पुढाऱ्याला म्हणू लागले असतील की दादा, आता तिकडे जा. पक्षनिष्ठेची चर्चा आपण नेहमी नेत्यांच्या चारित्र्याच्या अंगाने करतो. ती उसाच्या वजनकाट्यापाशीही करायला हवी.

१९६२ चा निकाल असा लागला : विधानसभेच्या २६४ पैकी काँग्रेसला २१५. शेकाप १५, प्रजासमाजवादी ९, कम्युनिस्ट ६, आणि फेडरेशनच्या जागी आलेला रिपब्लिकन पक्ष ३. डांगे मुंबईत हरले. ज्यांच्या नावाने पाच वर्षांपूर्वी शिवाजी पार्क भरून जात असे, त्यांना त्या गर्दीने मते दिली नाहीत. अनेक समितीवाद्यांनी पुढे याला मराठी माणसाचा कृतघ्नपणा म्हटले. मला ते पटत नाही.

मतदाराने १९५७ मध्ये समितीतल्या कोणाचाही पक्ष स्वीकारला नव्हता. त्याने डांग्यांचा साम्यवाद, एसेमांचा लोकशाही समाजवाद, जनसंघाची राष्ट्रकल्पना यांतले काहीच तपासून घेतले नव्हते. चिन्हेदेखील त्याने केवळ त्या दिवसापुरती लक्षात ठेवली. एका कामासाठी त्याने आपला विश्वास त्यांच्या हवाली केला होता. काम झाले. तो मोकळा झाला. समितीच्या घटकपक्षांनी मात्र ती रक्कम आपापल्या खात्यावर जमा झाली असे धरले आणि १९६० नंतर ती वाटून घ्यायला बसले, तेव्हा कळले की वाटण्यासारखे काही शिल्लकच नाही. यशवंतरावांचे चातुर्य असे की मोकळा झालेला हा विश्वास त्यांनी दुसऱ्या कामासाठी मागितला : नव्या राज्याच्या बांधणीसाठी. त्यांच्यावरचा जुना डाग लोक विसरले होते असे नाही. ‘सूर्याजी पिसाळ’ हा शब्द ज्यांनी ऐकला तीच माणसे मतदानाला आली होती. त्यांनी जमाखर्च पाहिला आणि मत दिले. त्यानंतर आठच महिन्यांनी चीनने आक्रमण केले, नोव्हेंबरात नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणू लागला, आणि मग नाशिकची ती बिनविरोध निवडणूक.

पण मतदाराच्या या शहाणपणाची दुसरी बाजूही आहे आणि ती मला अस्वस्थ करते. कराड दक्षिणने पक्ष बदललेल्या आमदाराला पुन्हा निवडून दिले. तसेच इतरत्रही घडले. मतदाराने माणूस पाहिला, काम पाहिले, पक्षाची पाटी बदलली तिकडे काणाडोळा केला. त्यातून पुढाऱ्यांच्या एका पिढीने कोणता धडा घेतला असेल? पलीकडे गेल्याची किंमत मोजावी लागत नाही, हाच. विधानसभेत २१५ विरुद्ध विखुरलेले पन्नासेक असे चित्र उभे राहिले आणि महाराष्ट्राचे खरे राजकारण दीर्घकाळ काँग्रेसच्या पोटातल्या गटांतच होत राहिले. १९५७ मध्ये सरकारला घाम फोडणारा विरोधी पक्ष या राज्याला होता, हे पुढच्या पिढीला सांगावे लागे.

बेळगावात मात्र वेगळे घडले. तिथले काम झाले नव्हते. सीमाभाग म्हैसूर राज्यातच राहिला आणि महाराष्ट्र एकीकरण समिती तिथे पुढची अनेक दशके आमदार निवडून आणत राहिली. इकडची समिती जिंकून संपली. तिकडची न जिंकता टिकली. अलीकडच्या काळात तिचीही गटबाजीने वाताहत झाली, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

जाता जाता पुणे. १९५७ मध्ये या शहराने समितीच्या ना. ग. गोऱ्यांना लोकसभेत पाठवले. १९६२ मध्ये काँग्रेसच्या शंकरराव मोऱ्यांना. १९६७ मध्ये पुन्हा पारडे फिरले आणि निवडून आले एस. एम. जोशी.

त्याच १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस नावाच्या कामगार पुढाऱ्याने स. का. पाटलांचा पराभव केला. चंद्रसूर्याची भाषा करणारे पाटील १९५७ च्या वणव्यातही निवडून आले होते आणि १९६२ मध्येही. ते हरले तेव्हा मुंबई महाराष्ट्रात येऊन सात वर्षे झाली होती.